नऊ वाजता उड्या मारणारं मूल

"संध्याकाळी सातला पोर पेंगत असतं, डोळे चोळत असतं. नऊला गाद्या घातल्या की तेच पोर गादीवर कोलांट्या मारतं. हे काय गौडबंगाल आहे?"

लहान मुलं असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. अलीकडे त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो: "छान मऊ नाइट ड्रेस घेतला, तर लवकर झोपेल का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकू. कपड्यांनी झोप येत नाही. चुकीच्या कपड्यांनी मात्र ती मोडते. आणि कपडे बदलायचा कार्यक्रम योग्य वेळी, हसतखेळत झाला, तर झोपायच्या वेळेतली निम्मी कटकट संपते. हे कसं घडतं, ते कळायला पहिल्या प्रश्नाकडे वळावं लागेल.

१. झोप लावावी लागते

"झोप बघू आता!" हा हुकूम पाळणं कुणालाच शक्य नाही, मोठ्यांनाही नाही. झोपेचं विरजणासारखं आहे. दूध बेताचं कोमट हवं, विरजण बेताचं हवं, भांडं हलवायचं नाही आणि दर दहा मिनिटांनी झाकण काढून बघायचं नाही. एवढं केलं की दही आपलं आपण लागतं. पालकांच्या हातात असते ती फक्त तयारी: वेळ, उजेड, ऊब आणि शांतता. नाइट ड्रेसचा संबंध यातल्या उबेशी आहे, आणि थोडाफार वेळेशीही.

२. दोन गोष्टी जुळल्या तरच

आलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये झोपेचं एक साधं चित्र मांडलं. झोपेचे अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात. त्याच्या मते झोप दोन गोष्टींवर ठरते.

पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागं राहावं, तितका हा दाब वाढतो. झोपलं की उतरतो. लहान मुलांत तो भराभर चढतो, म्हणून त्यांना दुपारची झोप लागते.

दुसरी गोष्ट शरीराच्या आतल्या घड्याळाची. कधी जागं राहायचं आणि कधी नाही, हे ते ठरवतं. गंमत अशी, की हे घड्याळ आपल्याला सर्वांत जोरात जागं ठेवतं ते नेहमीच्या झोपेआधीच्या दोन-तीन तासांत. सातला डोळे चोळणारं पोर नऊला उड्या मारतं, याचं बऱ्याच वेळा हेच कारण असतं. त्याला आपण खोडी म्हणतो, आणि ते बिचारं आपल्या घड्याळाचं ऐकत असतं.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांची मुलगी सकाळी ७ ला उठते, दुपारी ४ ते ५.३० झोपते आणि रात्री १० ला झोपते. आईबाबा तिला साडेआठपासून गादीवर नेतात आणि दीड तास तिघंही वैतागतात. हिशोब करा. रात्रीचे ९ तास आणि दुपारचा दीड तास मिळून साडेदहा तास झाले. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. म्हणजे या मुलीची झोप काही कमी पडत नाही. तिची वेळ आणि आईबाबांची वेळ जुळत नाही, एवढंच.

उपाय दुपारी आहे. झोप ४ ऐवजी १.३० ते ३ अशी घ्यायला लावली, की रात्री ९ पर्यंत तिचे सहा तास जागेपणी गेलेले असतील आणि दाब पुरेसा चढलेला असेल. त्याच वेळी गादीवर न्यायची वेळ आधी १० च्या जवळ ठेवायची, म्हणजे गादीवर पडणं आणि झोप लागणं यांची सांगड बसते. मग दर दोन-तीन दिवसांनी ती पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारीसुद्धा. हे रविवारचं वाक्य कुणाला आवडत नाही, हे माहीत आहे.

याच शिफारशीप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. महाराष्ट्रात हा विषय थेट सरकारपर्यंत पोचला होता. मुलं रात्री उशिरा झोपतात, शाळेसाठी लवकर उठतात आणि झोप पुरी होत नाही, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस डिसेंबर २०२३ मध्ये म्हणाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला आहे. पण सकाळी मिळालेला तास रात्री टीव्हीसमोर गेला, तर मुलाच्या पदरात काही पडत नाही.

३. ट्यूबलाइट बंद करा

घड्याळाला रात्र झाल्याचं कळतं ते अंधारावरून. अंधार पडला की मेंदूत मेलॅटोनिन स्रवू लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग अधिक नितळ असतं आणि बाहुल्याही मोठ्या असतात, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये शाळापूर्व वयाच्या काही मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळायला बसवलं. त्यांचं मेलॅटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं, आणि उजेड काढून घेतल्यावरही बराच वेळ खालीच राहिलं.

आपल्याकडच्या खोलीतला उजेड त्या प्रयोगाइतका प्रखर नसतो. पण पांढरी ट्यूबलाइट, चालू टीव्ही आणि डोळ्यांशी धरलेला मोबाइल हे तिन्ही एकत्र असले, तर घड्याळाला दिवस मावळल्याचं कळावं कसं? कपडे बदलायच्या वेळी ट्यूब बंद करून एखादा पिवळा, मंद दिवा लावा. वेगळं काही करावं लागत नाही.

४. ऊब कुठे हवी, गारवा कुठे

आता कपड्यांकडे येऊ.

झोप जवळ आली की शरीराच्या आतलं तापमान उतरू लागतं. रात्रभरात ते साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येतं. आतली उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः हातापायांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे उबदार होतात आणि पोटातली, छातीतली उष्णता तळव्यांवाटे निघून जाते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये तरुण माणसांवर हे तपासलं. हातपाय जितके उबदार, तितकी झोप लवकर लागते, असं त्यांना दिसलं.

खेळून आलेल्या मुलाला कोमट पाण्याने हातपाय धुवायला लावणं आणि झोपताना तळपायांना तेल चोळणं, या जुन्या सवयी इथे बरोबर बसतात. कोमट पाण्याने आणि चोळण्याने तळव्यांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. काशाची वाटी घ्या किंवा नुसता आईचा तळहात, पायाला ऊब मिळते.

मग कपड्यांनी काय करायचं? उष्णता बाहेर जाऊ द्यायची, पण अंगावर गार वारा लागू द्यायचा नाही. दोन्ही एकदम. कापड ऊब निर्माण करत नाही. त्याच्या धाग्यांत आणि आतल्या पोकळीत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. जाड फ्लॅनेलमध्ये हवा जास्त अडकते, मलमलीत कमी. सुती कापड घाम शोषतं. नायलॉन किंवा पॉलिस्टर घाम फारसा शोषत नाही, म्हणून मुंबईच्या दमट हवेत ते अंगाला चिकटतं आणि मानेला, काखेत घामोळं उठतं. पण सुती कपडासुद्धा घामाने भिजून गेला तर बदलायलाच हवा, कारण पंख्याखाली तो अंगातली ऊब खेचून घेतो.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा मोठ्यांपेक्षा जास्त असते, त्यामुळे ती लवकर गारठतात आणि लवकर तापतातही. शिवाय पांघरूण लाथाडायची त्यांना हौस. कितीही प्रेमाने घातलेली सोलापुरी चादर पहाटे पायाशी सापडते. म्हणून मुलाच्या अंगावरचा कपडाच असा निवडावा, की पांघरूण गेलं तरी चालेल. कोकणात, मुंबईत वर्षाचे बरेच महिने पातळ सुती झबलं आणि चड्डी पुरते. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर झोपणाऱ्या मुलाला पूर्ण बाह्यांचा पातळ कपडा बरा. नाशिकच्या जानेवारीत होजिअरीच्या कपड्यावर फ्लॅनेलचा पायजमा. एसी लावत असाल तर ऋतू विसरा. एसीवरचा आकडा पाहून कपडे ठरवा.

मूल तापलं आहे की गारठलं, हे हातापायांना हात लावून ठरवू नका. लहान बाळांचे हातपाय एरवीही गार लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा.

वर्षाच्या आतल्या बाळाचे नियम वेगळे आहेत, आणि ते कडक आहेत. बाळाला उताणं झोपवायचं. अंथरूण घट्ट आणि सपाट हवं. उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. सुटी दुलई नको, आणि झोपताना डोक्यावर टोपडं नको. बाळ बरीचशी उष्णता डोक्यावाटे टाकतं, आणि झोपेत सरकलेलं टोपडं नाकातोंडावर येऊ शकतं. आजीला हे पटवणं अवघड जाईल, कारण तिच्या मते बाळाच्या कानात वारं जातं. टोपडं बाहेर फिरायला नेताना घालू, असा तह करून बघा.

५. गोव्याचं इस्पितळ आणि वाळवी

रात्रीचे वेगळे कपडे ही साहेबाने आपल्याला दिलेली गोष्ट, असा अनेकांचा समज असतो. गोष्ट उलटी आहे. पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी १६१० च्या सुमारास गोव्यात होता. तिथल्या इस्पितळाबद्दल लिहिताना त्याने नोंदवलं आहे, की हिंदुस्थानातले पोर्तुगीज विजारीशिवाय कधी झोपत नाहीत. आपला सैल पायजमा रात्री घालायची सवय पुढे इंग्रजांनीही उचलली आणि विलायतेला नेली.

१८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या शब्दकोशात यूल आणि बर्नेल यांनी ही नोंद दिली आहे, आणि सोबत एक किस्साही. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरचा एक शिंपी काही पायजम्यांना खाली मोजे शिवून देत असे. हे कशासाठी, असं गिऱ्हाइकाने विचारलं, तर तो म्हणाला, बहुधा वाळवीपासून बचाव म्हणून! पाय शिवलेले नाइट ड्रेस आज थंड देशांतली मुलं सर्रास घालतात. तिथल्या मराठी घरांत ते ठीक आहेत. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर मात्र चालायला लागलेलं मूल त्यात घसरतं. घ्यायचेच असतील तर तळव्याला रबरी ठिपके असलेले घ्या.

६. सैल की घट्ट?

मुलांच्या कपड्यांना "वाढत्या अंगाचे" घेणं ही आपली काटकसर. दिवसाच्या कपड्यांत ती खपून जाते. रात्रीच्या कपड्यांत फार ढगळपणा दोन कारणांनी वाईट. एक म्हणजे झोपेत कपडा गळ्याशी गोळा होतो, मुलाला जाग येते. दुसरं कारण आगीचं आहे. सैल सुती कपड्याच्या आत-बाहेर भरपूर हवा असते, त्यामुळे ज्योत लागली की तो भडकतो. अंगासरशी बसलेल्या कपड्याखाली हवा कमी, म्हणून तो इतक्या वेगाने पेटत नाही.

यावरून अमेरिकेत मोठं रामायण झालं. १९७० च्या दशकात तिथे मुलांचे रात्रीचे कपडे सहज पेटू नयेत असा नियम आला, म्हणून कापडावर ट्रिस नावाचं रसायन चढवलं जाऊ लागलं. १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या दोघांनी दाखवून दिलं, की हे रसायन पेशींतल्या जनुकांत बिघाड करतं आणि त्यामुळे कर्करोगाचा धोका संभवतो. त्याच वर्षी अशा कपड्यांवर बंदी आली. (या आर्लीनबाई पक्क्या गिर्यारोहक. पुढच्याच वर्षी त्यांनी अन्नपूर्णा शिखरावर स्त्रियांची मोहीम नेली.) पुढे १९९६ मध्ये नियम बदलला आणि अंगाला नीट बसणाऱ्या सुती कपड्यांना रसायनाशिवाय परवानगी मिळाली. रसायन लावलेल्या सैल कपड्यापेक्षा साधा अंगासरसा सुती कपडा बरा, हा धडा त्या देशाने बराच फिरून घेतला.

आपल्यापुरतं सांगायचं तर पूजेच्या समईजवळ, गॅसच्या शेगडीजवळ आणि दिवाळीत फुलबाज्या उडवताना मूल झग्यासारख्या घोळदार नाइट ड्रेसमध्ये नको. फटाके उडवून मग कपडे बदला.

आणखी काही बारकावे. गळ्याशी नाडी किंवा दोरी नको. चघळून सुटतील अशी बटणं, मणी, टिकल्या नकोत. मोज्याच्या आतला सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन बोट सुजू शकतं, म्हणून मोजे उलटे करून बघा. मानेशी शिवलेलं कंपनीचं लेबल टोचतं, ते मुळापासून उसवून काढा. आणि नवा कपडा धुतल्याशिवाय घालू नका, कारण त्यात कांजी आणि कारखान्यातली रसायनं उरलेली असतात. बाळाला पहिले कपडे जुन्या धोतराचे, दुपटी जुन्या लुगड्याची, ही आपल्याकडची पद्धत बुद्धीची होती. शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुकानात काही मिळत नाही.

७. गंमत कुठून येते?

फिलाडेल्फियाच्या मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला. सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या ४०५ आया त्यात होत्या. काहींना झोपण्याआधी रोज एकाच क्रमाने तीन गोष्टी करायला सांगितलं: अंघोळ, मालीश, मग शांतपणे एखादं गाणं किंवा कुशीत घेणं. अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली, आणि आयांचे मूडही सुधारले. या अभ्यासाला बाळांची प्रसाधनं विकणाऱ्या कंपनीचं पाठबळ होतं, त्यामुळे मालीश कशाने केलं याला मी फारसं महत्त्व देणार नाही. महत्त्वाचा आहे तो क्रम. पुढे काय होणार हे मुलाला आधीच माहीत असलं, की ते विरोध कमी करतं.

आपल्या घरांत हा क्रम कसा बसवायचा? जेवण, हातपाय धुणं, कपडे, दात, एक गोष्ट, दिवा. कपडे बदलणं सगळ्यात शेवटी ठेवू नका. शेवटी मूल इतकं दमलेलं असतं, की बाहीत हात घालणंही त्याला छळ वाटतो. दात घासायच्या आधीच, अंगात थोडी मस्ती शिल्लक असताना कपडे बदला. मग त्या मस्तीचाच खेळ करता येतो: गळ्यातून डोकं बाहेर येईपर्यंत "कुठे गेलं बाळ?", बाहुलीलाही रात्रीचा फ्रॉक, बाबांनी पायजमा चुकून डोक्यात घालायचा आणि मुलाने त्यांना रागवायचं.

निवड द्या, पण छोटी. "कपडे बदलायचे का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येणार. "हत्तीचा घालायचा की चांदण्यांचा?" असं विचारा. दोनच पर्याय. दोन वर्षांच्या पुढचं मूल बटणं स्वतः लावायचा हट्ट धरतं. त्यासाठी पाच मिनिटं धरूनच चाला. आणि हे कपडे दिवसा घालू देऊ नका. अंगावर हत्ती चढला की दिवस संपला, हे मुलाला आठवडा-दोन आठवड्यांत कळतं. चित्रं कोणतीही चालतील, अंधारात चमकणारी आणि बटण दाबल्यावर गाणारी सोडून.

काही मुलांना कपड्यांपेक्षा गोधडीचा कोपरा लागतो. तोच, फाटका, वासाचा. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये अशा वस्तूंवर एक निबंध वाचला. आईपासून सुटं होताना मूल तिच्या जवळिकीचा एक तुकडा हाताशी धरून ठेवतं, असा त्याचा सारांश. गोधडी धुवा, पण विचारून धुवा, आणि रात्रीपर्यंत वाळेल अशी धुवा.

सगळ्यात अवघड प्रश्न आपल्या घरांच्या दिनक्रमाचा. बाबा नऊच्या लोकलने येतात, आल्यावर मुलाला उचलून हवेत उडवतात, आणि मग ते दहापर्यंत झोपत नाही. भेटायची ओढ दोघांनाही असते, त्यात वाईट काही नाही. पण ही दंगामस्ती सकाळी हलवा. रात्री बाबांच्या वाट्याला गोष्ट द्या. एका खोलीच्या घरात मालिका बघणाऱ्या आजीला उठवता येत नाही, तेव्हा आवाज कमी आणि मुलाची पाठ पडद्याकडे, इतकं तरी जमतं.

आणि दिवा बंद झाल्यावरचं "पाणी", "शू", "अजून एक पापी"? रोज एक कागदी चिठ्ठी उशाशी ठेवा. ती दिली की एकदा उठायला परवानगी. चिठ्ठी गेली की परवानगी संपली. अमेरिकेत पॅट्रिक फ्रिमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही युक्ती तपासून छापली आहे. हातात चिठ्ठी आहे एवढ्यानेच काही मुलं ती वापरत नाहीत, जपून ठेवतात.

८. हे सगळं करूनही झोपत नसेल तर

मग कपडे आणि दिवे सोडून मुलाकडे बघा. रात्री गुदद्वाराशी खाजत असेल तर जंत असू शकतात. अंगभर खाज रात्रीच वाढत असेल आणि घरात इतरांनाही खाजत असेल, तर ती खरूज असू शकते. पाय सारखे हलवत असेल, चोळून मागत असेल, तर रक्तातलं लोह तपासायला हवं. आणि मूल आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत मध्येच श्वास थांबून दचकत असेल, तर त्याला गाढ झोप लागली आहे असं समजू नका. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या की असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.